ट्रकचे काटे आणि खारा वारा

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ट्रकच्या मीटरांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून दिवसरात्र जात असते. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीची मासळी आणि तिच्यासाठी लागणारा बर्फ, चिरा, विटा, रेती, वैशाखातला आंबा आणि भाद्रपदाच्या आधी पेणहून निघणाऱ्या गणेशमूर्ती, हे सारे ट्रकवरच चालते. आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या कित्येकांच्या घरची चूल या गाड्यांच्या जिवावर पेटते. यांतल्या पुष्कळशा गाड्या आता वयस्कर झाल्या आहेत. नवी घेण्याची ऐपत नाही आणि जुनी मोडीत काढायला मन घेत नाही, अशा घरांतल्या त्या गाड्या. त्यांची इंजिने दणकट असतात, पाटे पुन्हा पुन्हा बदलून मिळतात, हौदा सुतार-लोहार उभा करून देतात. सर्वांत आधी मरतात ते डॅशबोर्डवरचे काटे, आणि गाडी चालतच असल्यामुळे त्यांच्या मरणाचे सुतक कुणी पाळत नाही.

जुने ड्रायव्हर म्हणतात, मीटर कशाला हवा, इंजिनाच्या आवाजावरून सगळे कळते. हे अर्धे खरे आहे. गाडी ओढत नाही, गिअर कुरकुरतो, टायर बसला, हे कानाला आणि बुडाला कळते. परंतु इंजिनातल्या ऑइलचा दाब उतरला तर आरंभी काहीच ऐकू येत नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ पापुद्रा असतो, तो टिकवण्याचे काम या दाबाचे. पापुद्रा फाटला की धातूवर धातू घासू लागतो, आणि आवाज येतो तेव्हा बेअरिंग गेलेलेच असते. माझ्या माहितीतल्या एका घरची गाडी अशीच भर पावसाळ्यात बसली. काटा शेवटपर्यंत उत्तम दाब दाखवत होता. इंजिन उतरवून क्रँक घासून येईतो दोन महिने ती गाडी चिंचेखाली उभी होती आणि बँकेचे हप्ते चालूच होते. मेलेल्या काट्यापेक्षा खोटे बोलणारा काटा अधिक वाईट, तो असा. तो खोटे का बोलतो, हे कळल्याशिवाय नवे मीटर बसवण्यात अर्थ नाही.

मीटरांची दोन घराणी आहेत. पहिले घराणे यांत्रिक. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४९ साली एका नळीचे पेटंट घेतले. पितळेची चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवायची, एक तोंड बंद करायचे आणि दुसऱ्यातून दाब सोडायचा. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि टोकाशी जोडलेला काटा फिरतो. जत्रेत फुंकर मारताच उलगडणारी कागदी पिपाणी मिळते, तीच ही युक्ती. ब्रेकच्या हवेचा मीटर आणि पुष्कळशा जुन्या गाड्यांतला ऑइलचा मीटर या जातीचा असतो. त्याला वीज लागते ती फक्त दिव्यापुरती. नळी फुटली तर काटा शून्यावर येतो, म्हणजे मरताना तो निदान खरे बोलून मरतो. दोष एवढाच, की ऑइलची बारीक नळी थेट केबिनमध्ये आलेली असते. ती तडकली तर गरम ऑइल ड्रायव्हरच्या पायावर. पाण्याच्या उष्णतेचा यांत्रिक मीटरही असतो. त्याची केसासारखी बारीक नळी इंजिनापासून मीटरपर्यंत अखंड आणि सीलबंद असते. लांब वाटते म्हणून ती कापली की मीटर भंगारात, कारण आतला वायू निघून जातो. जास्तीची नळी गुंडाळून ठेवावी.

दुसरे घराणे विजेचे. त्यात मीटर केबिनमध्ये आणि त्याचा हेर इंजिनावर किंवा टाकीत असतो. या हेराला आपण युनिट म्हणू. युनिट म्हणजे बदलता विद्युतरोध. टाकीतला फ्लोट वरखाली झाला की रोध बदलतो; ऑइलचा दाब वाढला की एक पडदा सरकतो आणि रोध बदलतो; पाणी तापले की एका मिश्रपदार्थाचा रोध कमी होतो. मीटरपासून युनिटपर्यंत एकच तार जाते. परतीचा रस्ता म्हणजे इंजिन आणि चासी यांचे लोखंड, ज्याला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. ‘अर्थ गेला की सगळे गेले’ हे मिस्त्रींचे वाक्य आमच्या मराठीच्या तासालाही चालण्यासारखे आहे.

मीटरच्या आत दोन-तीन तारांची वेटोळी एकमेकांना आडवी बसवलेली असतात आणि त्यांच्या मध्ये काट्याला जोडलेला चिमुकला चुंबक. कोणत्या वेटोळ्यात किती प्रवाह गेला यावरून चुंबक वळतो. जवळचा मोठा प्रवाह अशा चुंबकाला फसवतो, याचा धडा अलिबागकरांना शिकवायला नको. मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेस आली ती याच कारणाने. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म वेध बिघडतील हे ओळखून १९०४ साली येथे वेध सुरू झाले. ट्रकचा काटा वेधशाळेइतका नाजूक नाही. तरी सेल्फची जाड केबल मीटरांच्या पाठीवरून नेऊ नये, आणि गाण्यांची हौस असली तरी स्पीकर, म्हणजे केवढे तरी मोठे चुंबक, मीटरांच्या शेजारी बसवू नये, हे शहाणपण तेच.

आता मुख्य अडचण. सगळे मीटर आणि सगळी युनिटे एका गोत्राची नसतात. युरोपीय पद्धतीच्या डिझेल मीटरात टाकी रिकामी असताना साधारण १० ओहम आणि भरलेली असताना १८० ओहम असा हिशेब असतो. एका अमेरिकन पद्धतीत उलटे : रिकामी २४०, भरलेली ३३. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून कुणी दिसायला देखणा मीटर आणला आणि टाकीतले युनिट दुसऱ्या गोत्राचे निघाले, तर काय होईल? युरोपीय मीटरला अमेरिकन युनिट जोडले तर भरलेल्या टाकीचे ३३ ओहम त्याला जवळजवळ रिकामी टाकी वाटेल आणि रिकाम्या टाकीचे २४० ओहम म्हणजे काठोकाठ. डिझेल गाडीत टाकी कोरडी पडणे म्हणजे नुसता कॅन आणून ओतण्याचा मामला नव्हे. पाइपात हवा शिरते, गाडी ‘एअर घेते’, आणि मग रात्री दोन वाजता घाटात हातपंप मारून ती हवा काढत बसावे लागते. हौद्यात बर्फ वितळत असतो आणि मुंबईचा बाजार कुणासाठी थांबत नाही. म्हणून मीटर आणि युनिट जोडीनेच घ्यावे. मीटर जुना आणि युनिट नवे असे करायचेच असेल, तर साध्या मल्टिमीटरने युनिटचा रोध दोन्ही टोकांना मोजून मगच करावे.

व्होल्टचाही विचार आधी हवा. काही ट्रक बारा व्होल्टचे असतात, काहींत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस केलेले असतात. बारा व्होल्टचा मीटर चोवीसवर लावला तर तो फार दिवस जगत नाही. यावर गावठी तोडगा काढतात : दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट घ्यायचे. टेपसाठी हे सर्रास चालते. त्याने एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी फाजील भरते आणि दोघी अकाली मरतात. मीटर आणि त्यांचे दिवे गाडीच्याच व्होल्टचे मागून घ्यावेत.

आता खारा वारा. तांब्या-पितळेच्या भांड्याला कळंक येतो हे घरोघर ठाऊक आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. तारेचेही तेच होते. आपल्याकडे हवेत मीठ आहे, पावसाळ्यात चार महिने ओल आहे, आणि मासळीच्या गाडीत तर बर्फाचे खारे पाणी हौद्यातून चासीवर गळतच असते. हे पाणी तारेच्या कापलेल्या तोंडातून आत शिरते आणि बारीक केसांच्या फटींतून वीतभर वर चढते. वरचे प्लॅस्टिक छान लाल दिसते आणि आत तांब्याचा हिरवा भुगा असतो. कळंक वीज नीट वाहू देत नाही, म्हणजे वाटेत एक अनाहूत रोध बसतो.

हा जास्तीचा रोध मीटरला काय सांगतो ते पाहावे. युरोपीय पद्धतीत रोध वाढला म्हणजे डिझेल जास्त. ऑइलच्या युनिटातही रोध वाढला म्हणजे दाब जास्त. पाण्याच्या युनिटात उलट आहे, तापले की रोध कमी होतो. म्हणून तिथे वाढलेला रोध म्हणजे इंजिन थंड. थोडक्यात, तारेला कळंक आला की डिझेल आहे त्याहून अधिक, ऑइलचा दाब आहे त्याहून चांगला आणि इंजिन आहे त्याहून गार दिसते. तार पूर्ण तुटली तर ऑइलचा काटा उजव्या टोकाला जाऊन उभा राहतो. चिंचेखालच्या त्या गाडीचे हेच झाले होते. अमेरिकन पद्धतीत तुटलेल्या तारेला डिझेल आणि ऑइल दोन्ही शून्य दिसतात, ते एका परीने बरे; पाण्याचा काटा मात्र तिथेही गारच राहतो. माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाडीत ऑइलसाठी विजेचा मीटर लावला तरी जोडीला दाब उतरताच पेटणारा लाल दिवा, आणि जमल्यास एक घंटी, हवीच. दिवा जिवंत आहे की नाही हे किल्ली फिरवताच कळते, कारण इंजिन बंद असताना तो पेटलाच पाहिजे.

यावर उपाय कल्हईवाल्याला माहीत होता तोच. बोटींसाठी जी तार मिळते तिचा तांब्याचा एकेक केस कथिलाचा मुलामा दिलेला असतो. ती महाग पडते. परंतु मीटरांसाठी लागते किती? एक चौरस मिलिमीटरची तार पुरते, आणि डॅशबोर्डपासून टाकीपर्यंतचे अंतर फार नाही. ट्रकच्याच घराण्यातली इंजिने आपल्या मच्छीमार बोटींवर चालतात. तिथले कारागीर परतीच्या वाटेसाठीही वेगळी तार टाकतात. बंदरावर जाऊन त्यांचे काम एकदा पाहण्यासारखे आहे.

वेगळ्या परतीच्या तारेची गरज ट्रकलाही आहे, आणि याचे कारण आपल्या देशी पद्धतीत आहे. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा नुसती चासी आणि पुढचा दर्शनी भाग पडे. केबिन बांधायची ती बॉडीबिल्डरने, लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून. म्हणून डॅशबोर्ड म्हणजे प्रायः सनमायका लावलेले प्लायवूड. लाकडातून वीज परत जात नाही. अनेक गाड्यांत मीटरांचा अर्थ एखाद्या पत्र्याच्या स्क्रूला बांधलेला असतो, तो पत्रा दुसऱ्या पत्र्याला टेकलेला, आणि मध्ये गंज. हेडलाइट लावताच सगळे काटे एकदम हलले, तर समजावे की दिव्यांचा प्रवाह आणि मीटरांचा प्रवाह एकाच अरुंद बोळातून परत जाण्यासाठी भांडत आहेत. उपाय साधा आहे : डॅशबोर्डमागे पितळेची एक पट्टी बसवायची, सर्व मीटरांचे अर्थ तिथे आणायचे, आणि तिच्यापासून एक जाडशी तार सरळ चासीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी, दातेरी वॉशर घालून बोल्टाने आवळायची. इंजिन रबरावर बसलेले असल्याने चासी ते इंजिन हा पट्टाही तपासावा. युनिटचा अर्थ त्याच्या आट्यांतून होतो. त्या आट्यांना नळकामाची पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर गळती थांबते आणि अर्थही बिघडू शकतो.

कामाला लागताना पहिल्याने बॅटरीची अर्थ-केबल सोडावी. मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीची चिठ्ठी लावल्याशिवाय एकही तार काढू नये. जुन्या गाडीत रंगांवर विश्वास ठेवता येत नाही. वीस वर्षांत ज्या मिस्त्रीला ज्या रंगाची तार मिळाली ती त्याने लावलेली असते. काढता काढता दोन जागी फार जपावे लागते.

एक, अँपिअर मीटर. जुन्या डॅशबोर्डवर तो असतोच, आणि सेल्फ सोडून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. म्हणजे डायनामोपासून बॅटरीपर्यंतची जाड तार, बहुधा फ्यूजशिवाय, लाकडी केबिनमध्ये येऊन दोन नटांवर टेकलेली. नट ढिला झाला की तो तापतो आणि पुढचे सांगायला नको. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावणे उत्तम. तो बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असता साधारण चौदाच्या आसपास आणि चोवीसच्या गाडीत अठ्ठावीसच्या आसपास दिसला की चार्जिंग ठीक. व्होल्टमीटरला बारीक तार चालते. परंतु अँपिअर मीटर काढल्यावर त्याच्या त्या दोन जाड तारा एकमेकींना पक्क्या बोल्टाने जोडून, नीट झाकून टाकाव्या लागतात. त्या सुट्या राहिल्या तर बॅटरी भरणारच नाही, आणि अल्टरनेटर असेल तर तोही जळण्याचा संभव. त्या जाड जागी व्होल्टमीटर तसाच मध्ये जोडणे हाही एक प्रकार पाहायला मिळतो. त्याने वाटच बंद होते.

दोन, चार्जिंगचा लाल दिवा. अनेक अल्टरनेटरांना जागे होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा प्रवाह या दिव्यातून जातो. दिवा शोभेचा समजून काढला, किंवा त्या जागी आधुनिक एलईडी लावला, तर अल्टरनेटर झोपलेलाच राहू शकतो. जुना बल्ब, त्याच वॅटचा, परत लावावा.

जोडणी त्यानंतर सोपी आहे. किल्लीच्या स्विचवरून एक तार घ्यायची आणि सुरुवातीलाच पाच अँपिअरचा फ्यूज घालायचा. तिथून सर्व मीटरांच्या धन टोकांना. पार्किंग लाइटच्या स्विचवरून दुसरी तार मीटरांच्या दिव्यांना. अर्थ पितळी पट्टीवर. आणि प्रत्येक मीटरच्या तिसऱ्या टोकापासून त्याच्या त्याच्या युनिटला एकेक तार. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा आपला राष्ट्रीय रोग आहे. थिंबल घालून चांगल्या चिमट्याने दाबावे आणि आतून गोंद सुटणारी आक्रसणारी नळी वर चढवून गरम करावी, म्हणजे मिठाला तोंड उरत नाही. युनिटकडे जाणाऱ्या तारेला शेवटी खाली झोळ द्यावा, पाणी झोळातून ठिबकते, युनिटवर जात नाही. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बूच हवेच. लहान मीटरांना ५२ मिलिमीटरचे भोक हे सामान्य माप. भोके पाडण्याआधी पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड कापून त्यावर मीटर मांडून, ड्रायव्हरला त्याच्या आसनावर बसवून, स्टिअरिंगच्या आड काय जाते ते विचारावे. हवा आणि ऑइल हे दोन मीटर त्याच्या नजरेसमोर, बाकी कुठेही.

हवेच्या मीटरात मात्र हौस करू नये. कशेडी किंवा वरंधा उतरताना टाकीत हवा किती आहे हे सांगणारा काटा थेट नळीचा, यांत्रिकच असावा आणि त्याचे जोड साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात का ते तपासावे. वेगाच्या मीटरविषयी एवढेच, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो गाडीला असलाच पाहिजे, आणि नवा मीटर आणताना जुन्यावर लिहिलेला किलोमीटरमागे फेऱ्यांचा आकडा जुळवून आणावा. नाहीतर वेग आणि अंतर दोन्ही चुकतात.

सर्व बसवण्याआधी टेबलावर परीक्षा घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत ठरावीक ओहमचे रोधक मिळतात. युनिटच्या जागी १० आणि १८० ओहम जोडून काटा दोन्ही टोकांना जातो का ते पाहावे. पाण्याचे युनिट मीटरला जोडून, त्याच्या अंगाला अर्थाची तार बांधून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवावे. काटा १०० वर यायला हवा. समुद्रकाठी राहण्याचा एवढा तरी फायदा, की आपले पाणी बरोबर शंभर अंशांवर उकळते. महाबळेश्वरला ते चार-पाच अंश आधीच उकळते. टाकीचे युनिट बसवल्यावर रिकाम्या टाकीत वीस-वीस लिटर डिझेल ओतत काट्याची जागा लिहून ठेवावी. टाक्यांचे आकार असे असतात, की काटा अर्ध्यावर असताना डिझेल अर्धे असेलच असे नाही.

पुढे काटा बिघडला तर दोष मीटरचा की युनिटचा हे मिनिटात कळते. युनिटवरची तार काढून क्षणभर चासीला टेकवावी. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि तार शाबूत आहेत, युनिट किंवा त्याचा अर्थ गेला आहे. हललाच नाही तर शोध केबिनमध्ये घ्यावा.

जोडणीचा कच्चा नकाशा, रंगांसह, कागदावर काढून प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या आतल्या बाजूस चिकटवावा. पाच वर्षांनी गाडी उघडणारा मिस्त्री दुवा देईल. पहिला पावसाळा सरला की दसऱ्याला गाडी धुऊन तिची पूजा करतातच. त्याच्या आदल्या दिवशी अर्थाचे दोन्ही बोल्ट सोडून, घासून, व्हॅसलिन लावून पुन्हा आवळावेत. आणि झेंडूचा हार काट्यांच्या काचेवर लोंबणार नाही असा बांधावा.